भांडं बदललं, पाणी कुणाचं?



मागचा अंक वाचून चारपाच पोरांनी एकच सवाल टाकला. साहित्याचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठनं करू? सवाल साधा आहे आणि उत्तर देणारे बख्खळ आहेत. कॉलेजात विचारलं तर सांगतील, आधी वाङ्मयप्रकार शिक. कथेचे घटक इतके, कादंबरीचे इतके, नाटकाचे इतके. पोरगं स्टँडासमोरच्या दुकानातनं गाईड आणतं, घटक पाठ करतं, पेपरात ओकतं, पास होतं. आणि आपल्या आजऱ्याच्या भातखाचरात रोपलावणीला वाकून त्याची आजी जे म्हणते, ते यातल्या कुठल्या घटकात बसतं हे त्याला सांगता येत नाही. मग ते मनाशी ठरवून टाकतं, आजीचं ते साहित्य नव्हे. पहिला घात इथं होतो.

मी व्याख्यांच्या विरोधात नाही. सुताराला हत्यारांची नावं यायलाच पाहिजेत. पण सुतार पोराच्या हातात आधी लाकूड देतो, नावं मागनं सांगतो. म्हणून त्या पोरांना सांगितलं तेच इथं लिहितो. एक गोष्ट धर. ती दोन नाहीतर तीन प्रकारांत बघ. पोथीतली कादंबरीत, कादंबरीतली पडद्यावर, पुस्तकातली रंगमंचावर. एका भांड्यातनं दुसऱ्या भांड्यात जाताना काय सांडलं, नव्यानं काय भरलं, कुणी भरलं, कुणासाठी भरलं, ते बघ. कादंबरी म्हणजे काय आणि नाटक म्हणजे काय हे तुला त्यातनंच कळंल, आणि गाईडात नसलेलंही बरंच कळंल.

भांड्याचं राजकारण आपल्याला पुस्तकातनं शिकावं लागत नाही. हॉटेलाच्या मागच्या बाजूला वेगळ्या ठेवलेल्या कपबशा आपल्या बापजाद्यांनी स्वतः विसळून पालथ्या घातल्यात. चहा तोच, दूध तेच, साखर तीच, कप वेगळा. त्या कपानं माणसाची किंमत ठरवली. वाङ्मयप्रकाराचंही काहीसं असंच आहे. गोष्ट कुठल्या भांड्यात वाढली यावर ती कुणाच्या ओठाला लागणार हे ठरतं.

आता लांब कशाला जायचं? घरचंच उदाहरण घेऊ. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे. १९४० मध्ये इथं जन्मले, पुढं कोल्हापुरात शिक्षकी केली, आणि १९६७ मध्ये त्यांची 'मृत्युंजय' आली. आजऱ्यात वाचणारा एकही माणूस असा नसेल की ज्यानं ती वाचली नाही किंवा निदान उशाला घेतली नाही. महाभारतातल्या कर्णावरची कादंबरी. म्हणजे रूपांतरच. पोथीतली गोष्ट कादंबरीत आली.

पोथीत आणि कादंबरीत फरक काय पडला? पोथीत कर्णाबद्दल दुसरं कोणीतरी सांगतं. वैशंपायन सांगतो, संजय सांगतो, कीर्तनात बुवा सांगतात. कर्ण तिथं तिसरा माणूस. सावंतांनी त्याला 'मी' दिला. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी श्रीकृष्ण. सहा जण आपापल्या तोंडानं सांगतात. ही युक्ती कोल्हापूरला नवी नव्हती. कोल्हापुरातच राहणाऱ्या वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त १९५९ मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशीच आळीपाळीनं बोलली होती. पण कर्णाच्या तोंडी 'मी' आला आणि लाखो माणसं रडली. पोथीतल्या कर्णासाठी एवढं कोणी रडलं नव्हतं. एका सर्वनामाची ही ताकद. गाईडात याला 'प्रथमपुरुषी निवेदन' म्हणून दोन मार्क असतात.

आता पुढं बघा. सूतपुत्र म्हणून ज्याला रंगभूमीवर कुळ विचारलं, ज्याला जन्मभर टोचलं, त्याच्या जागी आपल्यातल्या किती पोरांनी स्वतःला बघितलं असेल! मीही बघितलं. पण त्या गोष्टीचा कणा तपासा. कर्णाचं दुःख कशाचं आहे? सूताला हिणवतात याचं, की मी सूत नसताना मला सूत म्हणतात याचं? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे दोस्तहो. एकात जातीला नकार आहे. दुसऱ्यात चुकीच्या जातीत टाकल्याची तक्रार आहे. कर्णाचं गुपित उघडं पडतं तेव्हा तो सूर्याचा आणि कुंतीचा मुलगा निघतो. कवचकुंडलं अंगावर होतीच. म्हणजे गुण होता तो रक्ताचाच होता, असं गोष्ट हळूच कानात सांगून जाते.

मग शोणाचं काय? मला 'मृत्युंजय'मध्ये सगळ्यात जास्त तो अस्वस्थ करतो. कर्णाचा भाऊ, अधिरथाचा पोटचा पोर. त्याच्या जन्माचं कसलंच गुपित नव्हतं. त्याच्यासाठी कुठली राजमाता रडत आली नाही, कुठला सूर्य खाली उतरला नाही. कर्ण शेवटी ज्येष्ठ पांडव ठरला. शोण सूताचा सूतच राहिला. वृषालीचंही तेच. सावंतांनी या दोघांना बोलायला पानं दिली हा त्यांचा मोठेपणा, तो मी कमी लेखणार नाही. पण आपण वाचक कर्णाच्या रथामागं पळत सुटतो आणि शोणाला रस्त्यात सोडून देतो. आपण सगळे शोण आहोत रे. आपल्या कुणाच्याच पत्रिकेत सूर्य नाही.

इथं शेजारी दुसरा प्रकार ठेवून बघा. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, संग्रह १९६३ चा, म्हणजे 'मृत्युंजय'च्या चार वर्षं आधीचा. तिथंही एक तरुण 'मी' आहे आणि त्यालाही जन्माचं गुपित आहे. रेल्वेत नोकरीला परमुलखात गेलेला, जात न सांगता राहिलेला. पुराणात गुपित फुटलं की कृष्ण येऊन राज्य देऊ करतो. बागुलांच्या कथेत गुपित फुटलं की मार पडतो. दोन्हीकडं 'मी' आहे, दोन्हीकडं जन्म लपलेला आहे. मग फरक कुठून आला? कादंबरीला पुराणाचं छत होतं, कथा उघड्यावर उभी होती. लघुकथेला फार पानं नसतात, तिला देव-दैव आणून सारवासारव करायला सवड नसते. आणि लिहिणारा कोण होता हेही आलंच. या दोन गोष्टी एका आठवड्यात पाठोपाठ वाचा. वाङ्मयप्रकार म्हणजे काय याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आणखी एक गंमत. १९६७ मध्येच इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. तेच महाभारत, तेच वर्ष, प्रकार मात्र लेखाचा. कर्णावर त्यातही प्रकरण आहे, पण डोळ्यात पाणी नाही. बाई चष्मा पुसून संहिता तपासतात. खांडववन जाळलं तेव्हा आत राहणाऱ्यांचं काय झालं हे विचारतात. कादंबरीनं जिथं हुंदका दिला तिथं लेखानं प्रश्न दिला. मला दोन्ही पाहिजेत, पण अभ्यास करणाऱ्यानं हुंदक्यावर थांबू नये. आणि ज्या वाक्यावर आपण सगळ्यात जास्त चिडतो, सूतपुत्राला मी वरणार नाही असं द्रौपदी म्हणते ते, पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९६६ मध्ये पुरी केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत घेतलेलंच नाही. म्हणजे ते मागनं कोणीतरी भरलेलं. पोथी स्वतःच रूपांतर आहे. तिच्यातही कोणकोण येऊन पाणी ओतून गेलंय. मग आपण ओतलं की बाटलं कसं?

ओतायचं काम आपल्या माणसांनी तर कधीपासून केलंय. जोतीरावांचं घ्या. १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं ते नाटक म्हणून. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. मग त्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पवाडा रचला, म्हणजे दरबारी शाहिरांचा प्रकार उचलून कुळवाड्याच्या राजाला दिला. अभंगाच्या घाटातनं 'अखंड' काढले. आणि १८७३ ची 'गुलामगिरी' बघा. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम. ज्या दशावताराला घाटाखाली कोकणात रात्र-रात्र जागून नमस्कार करतात, त्या एकेक अवताराला जोतीरावांनी संवादाच्या रिंगणात उभं केलं. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. पुराण सांगणाऱ्याला श्रोत्यानं मधेच अडवायचं नसतं. संवादात अडवता येतं. म्हणून त्यांनी संवाद निवडला. प्रकार बदलला आणि श्रोत्याला तोंड फुटलं.

तमाशाचं पुढं तेच झालं. गण, गवळण, बतावणी, वग, हा ठरलेला साचा. सत्यशोधकांनी साचा ठेवला, आतलं बदललं. गणात गणपतीऐवजी सत्याचं, निर्मिकाचं स्मरण आलं. गवळणीतली कृष्णाची छेडछाड गेली. पुढं भीमराव कर्डकांसारख्यांनी त्याच साच्यात आंबेडकरी जलसा उभा केला आणि न वाचणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार नेला. अण्णा भाऊ साठे तर एकटेच सगळी वाट चालले. पोवाडा, लोकनाट्य, कथा, कादंबरी, पटकथा. वाटेगावचा माणूस, वारणेचं पाणी प्यालेला. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं, १९६३ मध्ये ती पडद्यावर आली. त्यांच्या सहासात कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. आणि १९६९ मध्ये माणूस गेला तो गोरेगावात, गरिबीत. गोष्ट एका प्रकारातनं दुसऱ्यात जाते तेव्हा पैसाही एका खिशातनं दुसऱ्या खिशात जातो, हेही वाङ्मयाच्या अभ्यासात धरा. गाईडात हा घटक नाही.

पण रूपांतर कसं करावं हे बघायचं असेल तर माझ्या मते एकच पुस्तक काढून बसा. बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. ते गेल्यावर १९५७ मध्ये निघालेलं. सिद्धार्थानं घर का सोडलं? सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच विचारलं, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा बघितला नाही हे पटतं का? आणि त्यांनी गोष्ट बदलली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण. संघ युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. ज्या माणसानं १९२७ मध्ये महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्यानं बुद्धाच्या गोष्टीत पाणी आणलं. आपण हिरण्यकेशीच्या काठची माणसं, पाण्यावरून भाऊबंद कसे कुऱ्हाडी काढतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याला ती गोष्ट लगेच कळते. महत्त्वाचं हे की त्यांनी चोरून बदललं नाही. काय बदलतोय, का बदलतोय, हे आधी सांगितलं आणि मग बदललं. रूपांतर करणाऱ्याची ही नियत.

आता याच नियतीनं आपल्या शेजारचा सिनेमा बघू.

'जोगवा'. २००९ चा. आपल्या शेजारच्या गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांच्या दोन कादंबऱ्या, १९८५ ची 'चौंडकं' आणि १९८८ ची 'भंडारभोग', आणि चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा, यांवर तो उभा आहे. एक कादंबरी जोगतिणीची, एक जोगत्याची. यल्लम्माच्या नावानं सोडलेली माणसं, डोक्यावर जग, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळाला भंडारा. या भागात हे कोणाला परकं आहे? सौंदत्तीची वाट आपल्या दारावरनं जाते. सोडलेल्या पोरी बहुतेक कुठल्या वस्तीतल्या असायच्या तेही सगळ्यांना ठाऊक आहे. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यानं कायदा केला, १९८२ मध्ये कर्नाटकानं केला, तरी गवसांना १९८५ मध्ये ही कादंबरी लिहावी लागली.

कादंबरीत भाषा आहे. गडहिंग्लज-आजऱ्याकडची, कानडीचा वास असलेली, कुठंही इस्त्री न केलेली. पुण्याच्या वाचकाला अडखळत वाचावी लागते, आणि तेच तिचं काम आहे. जरा अडखळू दे की त्याला. सिनेमानं दोन पुस्तकांतली दुःखं समोरासमोर आणली आणि त्यातनं प्रेमकथा केली. त्यात चूक काही नाही. दोन-सव्वादोन तासांत दोन कादंबऱ्या बसवायच्या तर काहीतरी सांडणारच. जोगत्याची साडी नेसलेला पुरुष लोकांनी हसण्यासाठी नाही तर समजून घेण्यासाठी बघितला, हे सिनेमानं केलं. ५६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला, उपेंद्र लिमयेंना अभिनयाचं बक्षीस मिळालं. ते रास्त होतं.

पण सिनेमातनं गाणं सुटलं आणि एकटंच गावभर फिरायला लागलं. 'जीव रंगला' आज कुठं वाजतं? लग्नाच्या हॉलात, नवरानवरी स्टेजवर बसली की. वाजवणाऱ्याला ठाऊक नाही की हे गाणं ज्यांच्या तोंडी आहे त्यांना लग्न करायचीच बंदी होती. कादंबरीतनं सिनेमा, सिनेमातनं गाणं, गाण्यातनं मोबाईलची रिंगटोन. प्रत्येक भांड्यागणिक चौंडक्याचा आवाज बारीक होत गेला. माझ्या ओळखीच्या एका पोरीनं, जिची आजी परडी घेऊन फिरायची, मला विचारलं, "दादा, आमच्या आज्जीचं गाणं त्यांच्या लग्नात चालतंय, मग आमची आज्जी लग्नात का चालत न्हवती?" मी तिला म्हटलं, हा प्रश्न वहीत लिहून ठेव. मराठी विषयाच्या पेपरात तो येणार नाही, पण साहित्याचा अभ्यास याच्यापासूनच सुरू होतो.

कधी कधी भांडं बदलताना पाणी सांडत नाही, मुद्दाम ओतून टाकतात. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ चा. त्याचं हिंदीत 'धडक' झालं २०१८ मध्ये. करमाळ्याकडची माती गेली, उदयपूरचे वाडे आले. आर्ची गेली, म्हणजे बुलेट चालवणारी, मारायला धावणारी, पाटलाची असूनही आपल्यासारखीच बोलणारी ती पोरगी गेली. आणि जात? ती एखाद्या वाक्यात ओझरती आली आणि गेली. 'सैराट'च्या शेवटी रक्ताची पावलं उमटवत जाणारं लेकरू विचारतं की मला का उरवलं. 'धडक'नं शेवटही फिरवला. जातीशिवाय 'सैराट' म्हणजे काय राहतं? गोरीगोमटी दोन पोरं, एक पळापळ आणि खून का झाला हे न कळणारा प्रेक्षक. पुढं २०२५ मध्ये 'धडक २' आला, मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ सिनेमावरनं. त्यात जात उघडी होती, तर सेन्सॉरची कात्री आधी तिच्यावरनं फिरली. यावरनं एवढं समजा की कुठली गोष्ट कुठल्या भांड्यात मावते हे नेहमी कलावंतच ठरवत नाही.

आणि पुन्हा आजऱ्याकडं येतो. सावंतांची 'छावा' १९७९ ची. १४ फेब्रुवारी २०२५ ला तिच्यावरचा हिंदी सिनेमा लागला. आपल्याकडची पोरं ट्रॅक्टर-टेंपो करून बघायला गेली, रडत बाहेर आली. सिनेमा यायच्या आधीच संभाजीराजे लेझीम खेळतात या प्रसंगावर आक्षेप निघाला आणि तो काढला गेला. आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आमचे पूर्वज फितूर का दाखवले म्हणून आवाज उठवला. दिग्दर्शकानं दिलगिरी व्यक्त केली आणि सिनेमा कादंबरीवर आहे असं सांगितलं. हे वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करा. कादंबरीवर आहे. कादंबरीकाराला इतिहासाच्या फटी कल्पनेनं भरायची मुभा असते, तो त्याच्या प्रकाराचा हक्कच आहे. पण पडद्यावर तीच कल्पना चिलखत घालून येते तेव्हा बघणारा तिला इतिहास म्हणून घरी घेऊन जातो. प्रकाराची ओळख नसली की असं फसायला होतं. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दगड पडले तेव्हा विधानसभेतसुद्धा या सिनेमाचं नाव निघालं. वाङ्मयप्रकार हा फक्त परीक्षेचा विषय नाही, तो असा रस्त्यावर येतो.

सिनेमा बघून आलेल्या एकाला मी विचारलं, वढूला काय झालं? त्याला वढू कुठं आहे तेच माहीत नव्हतं. राजांच्या देहाचे तुकडे गोळा करून अंत्यसंस्कार केले ते गोविंद गोपाळ महार यांनी, असं वढू बुद्रुकला आपले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. डिसेंबर २०१७ मध्ये त्या फलकावरनं वाद पेटला, गोविंद गोपाळांच्या समाधीची नासधूस झाली, आणि थोड्याच दिवसांत १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगाव घडलं. लेझमीवरनं आक्षेप घेणारे पुष्कळ होते. गोविंद गोपाळ कुठाय म्हणून थेटराबाहेर कितीजण उभे राहिले? ती गोष्ट अजून कुठल्याच मोठ्या भांड्यात पडलेली नाही. ती कोण लिहिणार? कादंबरीत लिहिणार, की पोवाड्यात, की नाटकात? मला विचाराल तर पोवाड्यात. तो आपल्या हातातला आहे, त्याला कॅमेरा लागत नाही, डफ लागतो.

एका विद्वानानं एकदा भर सभेत मला सुनावलं होतं की तुमची आत्मकथनं हा वाङ्मयप्रकारच नव्हे, ती कच्ची सामग्री आहे, पुढं कोणीतरी त्यातनं कादंबरी करील. म्हणजे आपण ऊस पिकवायचा आणि गूळ त्यांच्या गुऱ्हाळात. १९७८ च्या 'बलुतं'नंतर सगळी मराठी हलली तरी हे बोलणं थांबलं नाही. खरं असं आहे की जुन्या आत्मचरित्रात 'मी' म्हणजे एक यशस्वी गृहस्थ असायचा, जन्मापासून सत्कारापर्यंत. दया पवारांच्या 'मी'मध्ये अख्खी वस्ती बोलते. नावच बघा, माणसाचं नाही, गावगाड्यातल्या हिश्श्याचं आहे. हा प्रकार आपण मराठीला दिला.

आणि ही 'कच्ची सामग्री' दुसऱ्या भांड्यात गेल्यावर काय होतं? शांताबाई कांबळेंची 'माज्या जल्माची चित्तरकथा' दूरदर्शनवर 'नाजुका' म्हणून आली, आणि शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या एका महार बाईचं आयुष्य लोकांनी स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसून बघितलं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. २०१४ च्या सुमारास सुषमा देशपांड्यांनी ते रंगमंचावर आणलं, तेव्हा एका 'मी'ला तीन नट्या दिल्या. एक बाई बोलता बोलता थांबते, दुसरी पुढं नेते. पुस्तकात जो 'मी' एकटा वाटायचा तो रंगमंचावर बायकांचा घोळका झाला. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी. आई विणायची, लेकीनं शब्दांनी विणलं, तिघींनी देहानं विणलं. हे रूपांतर मला मानवतं. इथं काही सांडलं असेल तर त्याहून जास्त भरलं गेलं.

आता कामाचं. पावसाळा संपेपर्यंत दर रविवारी दुपारी चारला समाजमंदिरात अभ्यासवर्ग भरेल. फी नाही. वही आणि स्वतःचं डोकं आणायचं. पहिले दोन रविवार 'मृत्युंजय', पण कर्णाचा भाग घरी वाचायचा. आपण तिथं बसून फक्त शोण आणि वृषाली वाचणार, मोठ्यानं, आळीपाळीनं. तिसऱ्या रविवारी बागुलांची कथा. चौथ्याला मोबाईल गोळा करून 'जोगवा' बघू, आणि बघण्याआधी 'चौंडकं'ची निदान पन्नास पानं वाचलेली पाहिजेत. ज्यानं वाचलं नाही त्यानं दारात बसायचं. पुस्तकं कमी आहेत, एका प्रतीवर चारजण धरा. वाचनालयात मिळतील ती ज्यांचं कार्ड आहे त्यांनी आजच काढावीत.

आणि प्रत्येकानं घरातनं एक गोष्ट आणायची. लावणीची, लग्नातली, मयतातली, जोगव्याची, मोर्च्यातली, कसलीही. आज्जीला विचारा, आत्याला विचारा. ती म्हणेल, "कशाला पायजे तुला ते?" तरी विचारा. जशी सांगेल तशीच लिहा, 'न्हाई'चं 'नाही' करू नका. मग वर्गात बसून ठरवू तिची कथा होते, की वग, की पाच मिनिटांचा मोबाईलवरचा सिनेमा. करताना काय बदललं ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं, कारणासकट. यातली चार चांगली पुढच्या अंकात छापू. आज्जीचं नाव वर, लिहिणाऱ्याचं खाली. मजकूर महिनाअखेरपर्यंत पोचला पाहिजे. टपालानं पाठवला तरी चालेल, पण पाकिटावर पुरेशी तिकिटं लावा. गेल्या खेपेला बैरंग पाकिटं सोडवता सोडवता आमचे चहाचे पैसे गेले.